12 वाजून 10 मिनिटांचा उजेड

फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या मुलांना मी दरवर्षी एक प्रकरण तोंडी सांगतो. 1998 सालचे आहे. सांगताना दर वेळी काहीतरी गळते, काहीतरी उगाच वाढते. म्हणून यंदा निगेटिव्हचे पाकीट आणि तेव्हाची वही समोर ठेवून ते लिहून काढतो आहे. ज्या लेखकाचा फोटो तेव्हा काढला, त्यांचे नाव यात नाही. जुन्या वाचकांना कदाचित ओळख पटेल. पटली तर त्यांनी ती स्वतःपाशीच ठेवावी, एवढी विनंती.

काम काय होते

त्या वर्षी एप्रिलमध्ये एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकाचे काम उन्हाळ्यातच सुरू होते, हे त्या धंद्यातल्यांना ठाऊक आहे. विदर्भ साहित्य संघाची स्थापना 1923ची, म्हणजे त्या साली 75 वर्षे झालेली. ते निमित्त धरून त्यांना विदर्भातल्या लेखकांवर एक विभाग करायचा होता. त्यातल्या मुख्य लेखकाचा फोटोच नव्हता. कुठेच नव्हता. त्यांच्या एकाही पुस्तकाच्या मलपृष्ठावर चेहरा छापलेला नाही, सभेच्या फोटोत ते नाहीत, कारण ते सभेलाच जात नसत.

"विक्षिप्त माणूस आहे," संपादक म्हणाले. "पण आपल्याला तेच पाहिजे. घरात छत्री उघडून बसतात म्हणे. ते मिळालं तर बघा."

नागपुरातल्या बर्डी आणि महाल या भागांत त्यांच्याविषयी मीही बरेच ऐकले होते. एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. महालातल्या जुन्या वाड्यात विधवा बहिणीसोबत राहतात. भेटायला आलेल्याने दारातून स्वतःचे नाव मोठ्याने सांगायचे, नाहीतर ते बोलत नाहीत. चपला भिंतीला लावून सरळ रेषेत काढायच्या. त्यांच्या डाव्या हाताला बसायचे नाही. लिहितात ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, महिना संपायची वाटही न पाहता पान फाडून. खोलीत ट्यूबलाइट लावू देत नाहीत, आणि टेबल दर महिन्याला सरकवतात. एवढी सामग्री ऐकून कोणत्याही फोटोग्राफरच्या डोक्यात फोटो आधीच तयार होतो. माझ्या डोक्यातही झाला होता.

मी त्यांना पत्र लिहिले. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. कार्डभर जाड काळ्या स्केचपेनची अक्षरे, एकेक अक्षर बोटाच्या पेराएवढे. मजकूर इतकाच :

"26 मे. 12.10. एक रोल."

सव्वाबारा नाही, बारा नाही. 12 वाजून 10 मिनिटे. तेही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जेव्हा नागपुरात दुपारी कुत्रेसुद्धा नालीच्या सावलीतून हलत नाही. हाही त्यांच्या विक्षिप्तपणाचाच भाग, असे मी गृहीत धरले. त्या कार्डात एक सरळ, कामाची सूचना आहे हे मला वाचता आले नाही. उजेडावर पोट भरणाऱ्या माणसाला ते वाचता यायला हवे होते.

मी काय ठरवून गेलो

तेव्हा मी 31 वर्षांचा होतो. गोकुळपेठेत वडिलांचा स्टुडिओ मी चालवत होतो. पासपोर्ट, लग्ने, मुंजी यावर घर चाले, आणि पोर्ट्रेट हा जिवाचा विषय होता. स्टुडिओच्या आतल्या भिंतीवर मी दोन कात्रणे लावली होती. एक युसूफ कार्शने 30 डिसेंबर 1941 रोजी ओटावात काढलेला चर्चिलचा फोटो. ऐन वेळी कार्शने त्यांच्या तोंडातली सिगार काढून घेतली, आणि चिडलेला तो चेहरा जगभर गेला. दुसरे अर्नॉल्ड न्यूमनने 1946 साली काढलेला स्ट्राविन्स्कीचा फोटो. त्यात पियानोचे उघडे झाकण जवळजवळ सगळी चौकट व्यापते आणि संगीतकार खालच्या कोपऱ्यात बसलेला आहे. या दोन फोटोंतून मी दोन धडे घेतले होते. एक, माणसाकडून काहीतरी हिसकावून घ्यावे लागते. दोन, त्याच्या वस्तूंना बोलू द्यावे. चर्चिलच्या त्या फोटोचा धडा मी चुकीचा घेतला होता असे आता वाटते, पण तेव्हा मी तो शिरोधार्य मानत होतो.

कॅमेरा नेला यशिका मॅट 124 जी. दोन भिंगांचा, चौकोनी निगेटिव्हचा, 120च्या एका रोलवर 12 फ्रेम देणारा. हा कॅमेरा छातीशी धरून वरून आत पाहायचा असतो. म्हणजे फोटो काढणाऱ्याची मान खाली असते, समोरच्यावर नजर रोखलेली नसते. लाजऱ्या माणसांसाठी मी तोच वापरायचो. शटरचा आवाजही बोट मोडल्याएवढाच. फिल्म इल्फर्ड एचपी 5 प्लस, 400ची. शिवाय ट्रायपॉड आणि हातातला लाइटमीटर. ठरवून काहीच उजेड नेला नाही, कारण ट्यूबलाइट ज्यांना चालत नाही त्यांना फ्लॅश काय चालणार.

26 मे, मंगळवार

डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून मी स्कूटरवर निघालो. बर्डी, कॉटन मार्केट, गांधीसागरच्या काठाने महाल. पारा 45च्या वर होता. कॅमेऱ्याची पेटी ओल्या टॉवेलात गुंडाळली होती, कारण तापलेल्या डिकीत फिल्म ठेवणे म्हणजे ती निम्मी भाजून नेणे.

मुद्दाम 11.30ला पोहोचलो. मांडामांड करायला वेळ हवा होता.

दारातून नाव सांगितले. आतून आवाज आला, "आईचं नाव?"

मी गोंधळलो. सांगितले. त्यानंतर त्यांनी मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाही. शेवटपर्यंत मी माझ्या आईच्या नावाचा "चिरंजीव" राहिलो. त्यांच्या बाकीच्या सवयींचे कारण पुढे एकेक करून कळले, याचे कधीच कळले नाही. मी विचारलेही नाही. सगळ्याचा उलगडा मागायचा नसतो.

"चाळीस मिनिटं लवकर आले तुम्ही," ते म्हणाले.

"काका, जरा तयारी करतो. तोवर बसा तुम्ही निवांत."

त्यांच्या बहीण, ताई, पन्हे घेऊन आल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, नऊवारीतल्या. "इतक्या उन्हातान्हात कशाला येऊन राहिले बापा," असे म्हणून त्यांनी फुलपात्र हातात दिले. मग त्यांनी ओल्या फडक्याने फरशीवरून एक हात मारला आणि आत गेल्या. वाड्याला मधोमध चौक, त्याच्या चारी बाजूंना पांढऱ्या चुन्याच्या भिंती, खाली शहाबादी फरशी. चौकाला लागून जी खोली होती, तिथे त्यांचे टेबल. वर कवेलू, म्हणजे कौले. जुन्या कवेलूंच्या फटींतून उन्हाचे कवडसे खाली येतात, आणि ते बरोबर टेबलावर पडू नयेत म्हणून वाशाला एक काळी छत्री उघडी करून टांगलेली होती. हीच ती प्रसिद्ध छत्री. तिच्याखाली कॅलेंडरची पाने, पाठकोरी बाजू वर, पानावर चार-पाचच ओळी, पोस्टकार्डासारख्याच जाड अक्षरांत.

आणि फरशीवर खडूच्या रेघा. टेबलाच्या चार पायांच्या जागा दाखवणारे चौकोन, एकापुढे एक, प्रत्येकाशेजारी महिन्याचे नाव. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. टेबल ज्येष्ठावर होते.

मी हरखून गेलो. हे सगळे चौकटीत कसे बसवायचे एवढाच विचार सुरू होता. ट्रायपॉड लावला आणि 12 वाजायच्या आत सात फ्रेम काढून टाकल्या. दोन छत्रीच्या, दोन रेघांच्या, तीन जवळून चेहऱ्याच्या. खोली अंधारी होती. भिंग पूर्ण उघडे, साडेतीनवर, आणि शटर 1/15 सेकंद. ते स्थिर बसले होते. मी "इकडे बघा काका" म्हटले की मान आवाजाच्या दिशेने अचूक वळायची आणि नजर माझ्या कानाशेजारून जायची. पाचव्या फ्रेमच्या वेळी ती नजर क्षणभर बरोबर भिंगात आली. घारे डोळे. काहीतरी शोधणारे, अतिशय दमलेले, तरीही न हटणारे. मला तेव्हाच कळले की हा मी आजवर काढलेला सर्वात चांगला चेहरा आहे.

मग 12 वाजले, आणि पुढच्या दहा मिनिटांत खोली बदलली.

मी आयुष्यात खूप उजेड पाहिला, पण असा क्वचितच. सूर्य बरोबर डोक्यावर आला. चौकात कुठल्याच भिंतीची सावली उरली नाही. तुळशीवृंदावनाचीही नाही. सगळे ऊन सरळ फरशीवर पडले, फरशीवरून चुन्याच्या भिंतींवर गेले आणि तिथून खोलीत शिरले. खालून वर येणारा, कुठेही न टोचणारा, दुधासारखा उजेड. डोळ्यांच्या खोबणीतली, हनुवटीखालची सावली निघून गेली. मीटर पाहिला. मघाच्या दसपट उजेड होता. आता शटर 1/60 आणि भिंग 5.6पर्यंत मिटूनही फोटो निघत होता.

काका न सांगता टेबलाशी सरकले, स्केचपेन उचलला आणि लिहायला लागले.

"आता काढा," ते म्हणाले. "हा आत्ता आहे. थोड्या वेळाने भिंतीची सावली परत येते."

आठवी ते बारावी, पाच फ्रेम. ते लिहीत होते, मी मान खाली घालून कॅमेऱ्यात पाहत होतो. दहाव्या फ्रेमला ताई पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारात आल्या आणि मी आहे हे पाहून थबकल्या. माझे बोट तोवर दाबले गेले होते. फ्रेम वाया गेली म्हणून मी मनात हळहळलो.

घरी आल्यावर पंचांग आणि नकाशा काढून हिशेब केला. नागपूर 21 अंश उत्तरेच्या थोडे वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. त्यामुळे सूर्य आपल्या अगदी डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो : मेच्या 26 तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्याला, पण जुलैत ढग असतात. आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवतात आणि नागपूर त्याच्या साडेतीन अंश पश्चिमेला आहे, म्हणजे आपला माध्यान्ह 13-14 मिनिटे उशिरा होतो. मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या तीन मिनिटे पुढे असतो, ती वजा करायची. उत्तर येते 12 वाजून 10 मिनिटे. त्या खोलीत वर्षातला सर्वात चांगला उजेड ज्या क्षणी येतो, तो क्षण त्यांनी मला पोस्टकार्डावर कळवला होता. आणि मी बारांपैकी सात फ्रेम अंधारात उडवून बसलो होतो.

निगेटिव्हमध्ये काय दिसले

मेमध्ये नागपुरात फिल्म धुणे ही स्वतंत्र तपश्चर्या आहे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी रात्री दहालाही चहा करण्याइतके गरम असते. डी-76 या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात, ही फिल्म 20 अंशांना साडेसात मिनिटे धुतात. मी बर्फाची पिशवी टाकून आणि माठातले पाणी मिसळून सगळी रसायने 24 अंशांवर आणायचो आणि वेळ त्या मानाने कमी करायचो. डेव्हलपर थंड आणि धुण्याचे पाणी गरम असे झाले तर फिल्मवरचा थर सुरकुततो, चेहऱ्यावर भेगा पडल्यासारख्या दिसतात. रोल धुवायला मध्यरात्र झाली, पण बाराही फ्रेम स्वच्छ आल्या.

दुसऱ्या दिवशी पाचवी फ्रेम मोठी करून पाहिली. काळे डोळे असते तर काहीच कळले नसते. घारे होते म्हणून दिसले. बुबुळाच्या मधोमध बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. शटर 1/15 लागावे इतक्या अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. हे फोटोग्राफरला शिकवावे लागत नाही, आपल्या भिंगाचे तोंड आपण तसेच उघडतो. इथे अंधारात बाहुली मिटलेली. सहावी पाहिली, सातवी पाहिली. तेच.

यानंतर मी जे केले ते करायला नको होते. त्या प्रिंटमधून फक्त डोळ्यांची पट्टी कापली आणि ओळखीच्या एका नेत्रतज्ज्ञांकडे नेली. कोणाचे डोळे ते सांगितले नाही. त्यांनी पाहताच सांगितले, की ही बाहुली आकसवणाऱ्या थेंबांनी, पिलोकार्पिनने होते. काचबिंदूवर देतात. डोळ्यातला दाब उतरतो, पण बाहुली लहान झाल्याने कमी उजेडात आणखीच कमी दिसते. आणि काचबिंदूत आधी बाजूची नजर जाते, दुखत-खुपत काही नाही, मधली नजर शेवटपर्यंत तग धरते. गेलेले परत येत नाही.

घरी येताना मी स्कूटर अंबाझरीच्या काठाशी थांबवली आणि एकेक गोष्ट मनात पुन्हा मांडली. डाव्या हाताला बसायचे नाही, कारण त्या बाजूचे दिसत नाही. दारातून नाव सांगायचे, कारण दारातला माणूस म्हणजे नुसता आकार. चपला ओळीत, कारण पायात येऊन पडायला होते. मोठी अक्षरे, कॅलेंडरचे मोठे पान. ट्यूबचा डोळ्यावर येणारा झगझगाट नको, कवडसे नकोत म्हणून छत्री, आणि सूर्याच्या मागे मागे, महिन्यामहिन्याने सरकणारे टेबल. सगळे गाव ज्याला विक्षिप्तपणा म्हणत होते तो एका माणसाने उजेडाचा लावलेला हिशेब होता. सगळी हयात त्यांनी हिशेबच तपासले होते.

बारा फ्रेम, तोंडी

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे बाराही फ्रेम निगेटिव्हच्याच आकारात छापलेला कागद, घेऊन गेलो. मुख्य पेच हा होता : पाचवी फ्रेम छापायला द्यायची का? कामाच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. वाचकाला त्या चेहऱ्यात फक्त तीव्रता दिसली असती. पण एखादा डोळ्यांचा डॉक्टर ते पान पाहताच ओळखणार. मला ओळखता आले तर आणखी कोणालाही येईल. आणि ही गोष्ट त्यांनी वर्षानुवर्षे इतक्या कष्टाने झाकून ठेवली होती.

काकांनी ताईंना बडकस चौकात भाजी आणायला पाठवले. मी सगळे सांगून टाकले. पट्टी कापून डॉक्टरांना दाखवली, तेही.

ते बराच वेळ गप्प होते.

"माझं नाव सांगितलं?"

"नाही."

"नुसते डोळे कापून नेले."

"हो."

"डोळ्यांचं कोणी विचारलं तर मी सांगितलं असतं एखाद्या वेळी," ते म्हणाले. "पण कापायचं नव्हतं." आणि मग, "ताईला बोलू नका. तिला कळलं तर हातातला पेन काढून घेईल. डॉक्टर, मुंबई, ऑपरेशन लावेल. मला जे काही उरलंय त्यात दोन पुस्तकं लिहायची आहेत."

मी कॉन्टॅक्ट शीट पुढे केली. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि परत दिली. बोटाएवढ्या चौकोनांत त्यांना काय दिसणार होते!

"सांगा," ते म्हणाले. "एकेक. काय आहे ते सांगा, कसं आहे ते सांगू नका."

मी सुरू केले. पहिली फ्रेम. छत्री वर, खाली तुम्ही, उजेड सुंदर...

"सुंदर काढा."

"छत्री वर. खाली तुम्ही. अर्धा चेहरा अंधारात."

"कोणता अर्धा?"

"डावा."

"बरोबर आहे. पुढं."

माझ्या सगळ्या शिक्षणात तो दीड तास मी सर्वात वर ठेवतो. फोटो काढणे मला येत होते. त्यात काय आहे ते सांगणे येत नव्हते. "करुण" म्हटले की ते थांबवत. "गंभीर" म्हटले की विचारत, ओठ मिटलेले की दात दिसतात? चौथ्या फ्रेमपर्यंत मला कळले की विशेषणे काढली तर माझ्याकडे फोटोबद्दल बोलायला फारसे काही नाही, आणि मग मी खरोखर पाहायला लागलो. टेबलाच्या कडेला शाईचा डाग. सदऱ्याचे दुसरे बटण वेगळ्या रंगाचे. भिंतीवर खिळा, त्यावर काही नाही. "तिथं आईचा फोटो होता," ते म्हणाले. फरशीवरच्या खडूच्या रेघा सांगितल्या.

"आहेत ना अजून? मी काढल्यात, सहा वर्षं झाली."

मी हो म्हटले आणि पुढे गेलो. या उत्तरात काहीतरी जुळत नव्हते. माझ्या ते लक्षात आले नाही.

पाचवी फ्रेम मी सर्वात जास्त वेळ सांगितली. बाहुल्यांसह. ऐकून ते म्हणाले, "चांगला आलेला दिसतो. जाळू नका. दाखवूही नका." मी आजवर तो दाखवलेला नाही. निगेटिव्ह पाकिटात आहे आणि त्यावर तशी चिठ्ठी आहे.

दहावी. "तुम्ही लिहिताय. मान खाली. उजेड खालून. डावा हात पानावर, उजवा हललाय, पुसट आहे. मागच्या दारात ताई आहेत, पण फोकस नाही त्यांच्यावर, नुसता आकार..."

"ती काय करते आहे?"

"उभ्या आहेत. हातात तांब्या. थबकल्यात."

"माझ्याकडे बघते आहे की तुमच्याकडे?"

मी भिंग लावले. "तुमच्याकडे."

"हा द्या," ते म्हणाले.

मी तांत्रिक दोष सांगितले. हात हललेला, मागची आकृती धूसर. त्यांनी ऐकून घेतले. "मला ती अशीच दिसते," एवढेच म्हणाले. "हाच द्या. पूर्ण."

अंक

मी दहावी फ्रेम दिली. पत्रात लिहिले की फोटो पूर्ण छापावा, कापू नये. संपादकांनी फोनवर हो म्हटले. छत्रीचा का नाही, असेही विचारले. "लेखकांनी हाच निवडला," हे मी सांगितले.

ऑक्टोबरमध्ये अंक आला. फोटो कापला होता. फक्त मान खाली घातलेले डोके आणि खांदा. दार नाही, ताई नाहीत, फरशी नाही, पुसट हात नाही. मांडणी करणाऱ्याला उभा फोटो हवा होता, माझा चौकोनी होता. त्याने चौकोनातून उभी पट्टी काढली. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. रोज असेच होते. मला मात्र रागाने झोप आली नाही, कारण जे मी डोळ्यांच्या पट्टीचे केले होते तेच माझ्या फोटोचे झाले होते.

शिकणाऱ्यांसाठी कायद्याचे इथेच सांगून टाकतो. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कोणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला तर फोटोची पहिली मालकी त्या सांगणाऱ्याची असते. फोटोत बसलेल्या माणसाची नाही, आणि काढणाऱ्याचीही नाही. कलम 57 काढणाऱ्याला एवढा हक्क ठेवते, की त्याच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर तो आक्षेप घेऊ शकतो. पण एक दार आणि एक धूसर बाई कापली याने माझ्या लौकिकाला काय बाधा आली, हे कोणत्या कोर्टात मी सिद्ध करणार होतो? फोनवरचा "हो" कागदावर नव्हता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बिलाच्या वर, रकमेच्याही आधी, एक ओळ असते : फोटो कापायचा असल्यास लेखी विचारावे.

अंक घेऊन मी महालात गेलो. सांगणे टाळता आले असते. त्यांना दिसणार नव्हते, आणि ताई त्यांना छापलेले काही वाचून दाखवत तेव्हा फोटोचे वर्णन करत नसत. वाटेत मी ठरवत होतो की "छान छापलाय" म्हणावे.

"ताई आहे ना त्यात?" त्यांनी आधी हेच विचारले.

"नाही काका. कापलीय."

त्यांनी अंक हातात घेतला, पान चाचपले, मिटला आणि माझ्याकडे परत दिला. "मग तो माझा नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी पूर्ण फोटोची एक मोठी प्रत करायला सांगितली. ताईसाठी. "पण आत्ता देऊ नका. आत्ता दिला तर ती विचारेल, हाच का निवडला म्हणून. माझ्यानंतर द्या."

प्रत

ती प्रत मी त्या हिवाळ्यात केली, नागपुरात पाणी थंड असते तेव्हा. 12 बाय 12 इंच, जाड फायबर कागदावर. हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारे रसायन, पुरता निघावा म्हणून वाहत्या पाण्यात तासाहून जास्त धुतली. कागदात हायपो राहिला तर फोटो काही वर्षांत पिवळा पडतो, आणि ही प्रत किती वर्षे थांबणार ते मला माहीत नव्हते. पेटीत ठेवून दिली.

ते 2003च्या जानेवारीत गेले. त्यांनी म्हटलेल्या दोन पुस्तकांपैकी एक झाले होते.

तेराव्यानंतर मी गेलो. दारातून नाव सांगितले, सवयीने. टेबल पौषावर होते, छत्री तशीच टांगलेली. ताईंनी पेटीतून फोटो काढला, खिडकीशी नेला, चष्मा लावला. मला वाटले की त्या स्वतःला ओळखणार नाहीत, धूसर आकृती आहे, मला सांगावे लागेल. त्यांनी दाराकडे पाहिलेच नाही. काकांच्या चेहऱ्यावरून बोट खाली फरशीवर आणले आणि टेबलाच्या पायापाशी थांबवले.

"ही वैशाखाची रेघ वाकडी आली होती त्या वर्षी," त्या म्हणाल्या. "रोज फरशी पुसली की रोज काढावी लागे न. त्या दिवशी तुम्ही लवकर आले, मग घाईत काढली मी."